संकेतस्थळावरील मुख्य दुवे आणि दुय्यम दुवे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

बिल भरणे, दाखला काढणे, तक्रार नोंदवणे, नावात दुरुस्ती करून घेणे अशी कितीतरी कामे आता संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावरूनच करावी लागतात. त्यामुळे खिडकीसमोरची रांग कमी झाली हे मान्य करूनही एका गोष्टीकडे आपल्या वृत्तपत्रातून लक्ष वेधावेसे वाटते. संकेतस्थळावर गेलेल्या माणसाचे काम बहुधा अडते ते समोरच्या पन्नास दुव्यांपैकी मुख्य कोणते आणि दुय्यम कोणते हे त्याला उमगत नाही म्हणून. आणि ते उमगत नाही याचा दोष बहुतेक वेळा मांडणी करणाऱ्याकडे जातो. हा भेद वाचकांनी समजून घ्यावा आणि संस्थांनी पाळावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. विषय तपशिलाचा असल्याने ते नेहमीच्या पत्रापेक्षा मोठे झाले आहे.

मी पुण्यातील एका महाविद्यालयात ३१ वर्षे ग्रंथपाल होतो. आमच्या सोसायटीत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. यजमानांच्या निधनानंतर घरातील एका सेवेची जोडणी त्यांना स्वतःच्या नावावर करून घ्यायची होती. कार्यालयात गेल्यावर ‘अर्ज संकेतस्थळावर आहे’ एवढेच उत्तर मिळाले, म्हणून त्या मदतीसाठी माझ्याकडे आल्या. संस्थेचे नाव मी घेत नाही, कारण हाच अनुभव मला इतर ठिकाणीही आला आहे.

पान उघडले. वरच्या निळ्या पट्टीत ‘मुख्यपृष्ठ, आमच्याविषयी, अध्यक्षांचा संदेश, संस्थेची रचना, विभाग, निविदा, प्रकाशने, छायाचित्र दालन, डाउनलोड, माध्यम कक्ष, संपर्क’ असे ११ दुवे होते. त्याखाली उजवीकडून डावीकडे सरकणारी सूचनांची पट्टी होती आणि तिच्यातील प्रत्येक सूचनेपुढे लाल रंगात ‘नवीन’ हा शब्द लुकलुकत होता. त्यातली एक सूचना दोन वर्षांपूर्वीची होती. डाव्या बाजूच्या रकान्यात आणखी १४ दुवे होते आणि त्यांतले काही वरच्या पट्टीतलेच, पण वेगळ्या नावाने दिलेले होते. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि मला विचारले, ‘‘इथे सगळंच ठळक आहे, मग महत्त्वाचं काय आहे?’’ एवढा नेमका प्रश्न त्या पानाची मांडणी करणाऱ्यांपैकी कोणी विचारला असता, तर आमची पुढची चाळीस मिनिटे वाचली असती. अर्ज अखेर सापडला तो ‘विभाग’ या दुव्याखालील ‘वाणिज्य शाखा’ या दुव्यात, तेथील ‘परिपत्रके’ या पानावर, एका परिपत्रकाला जोडलेला. आपले काम ‘वाणिज्य शाखे’कडे आहे हे ग्राहकाने कशावरून ओळखायचे?

आता मूळ भेदाकडे येतो. संपूर्ण संकेतस्थळाचा आशय ज्या मोजक्या भागांत विभागलेला असतो, त्या भागांकडे नेणारे आणि प्रत्येक पानावर त्याच जागी, त्याच क्रमाने दिसणारे दुवे म्हणजे मुख्य दुवे. ते बहुधा वरच्या आडव्या पट्टीत असतात. दुय्यम दुवे हा शब्द मात्र या व्यवसायातील माणसे दोन वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात आणि गोंधळाची सुरुवात तेथूनच होते. पहिल्या अर्थी दुय्यम म्हणजे मुख्य दुव्याच्या पोटातला, म्हणजे ‘ग्राहक सेवा’ उघडल्यावर दिसणारे ‘नवी जोडणी’, ‘नावात बदल’, ‘तक्रार’ हे दुवे. दुसऱ्या अर्थी दुय्यम म्हणजे आशयाच्या विभागणीत न बसणारा, पण सोयीसाठी हाताशी लागणारा. भाषा बदलणे, अक्षर मोठे करणे, शोध, लॉगिन हे दुवे उजव्या कोपऱ्यात असतात, आणि गोपनीयता धोरण, अस्वीकरण, संकेतस्थळाचा नकाशा हे पानाच्या तळाशी. पहिल्या प्रकारचे दुवे आपण कोणत्या भागात आहोत त्याप्रमाणे बदलले पाहिजेत, दुसऱ्या प्रकारचे मुळीच बदलता कामा नयेत. या दोहोंची सरमिसळ झाली की वाचकाला पायाखाली जमीनच राहत नाही.

ग्रंथालयात आयुष्य गेलेल्या माणसाला हे नवीन वाटत नाही. मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ मध्ये आपली दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी सर्व ग्रंथ १० मुख्य वर्गांत बसवले आणि प्रत्येक वर्गाच्या पोटात पुन्हा उपवर्ग केले. ८०० म्हणजे साहित्य, त्यात ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य आणि ८९१.४६३ म्हणजे मराठी कथा-कादंबरी. दालनाच्या दारावरील फलकावर ‘साहित्य’ हा एकच शब्द असतो; ८९१.४६३ हा अंक कपाटाच्या फळीवरील चिठ्ठीवर असतो आणि तो तेथेच शोभतो, कारण तो वाचायची वेळ येते तेव्हा वाचक त्या फळीपर्यंत पोहोचलेला असतो. पुस्तके देण्या-घेण्याची खिडकी आणि पिण्याच्या पाण्याची जागा याही वाचकाला लागतातच, म्हणून त्यांचे बाण आम्ही लावतो, पण त्यांना ज्ञानाचे वर्ग म्हणून दारावरच्या फलकात घुसवत नाही. त्या दिवशी बाईंच्या समोर जे पान होते, त्यात दारावरचा फलक, फळीवरची चिठ्ठी आणि पाण्याचा बाण हे तिन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत शेजारी शेजारी लावलेले होते.

विभागणी कोणाच्या नजरेने करायची, हा यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पुणेकरांना अप्पा बळवंत चौकात दर जूनमध्ये मिळते. शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात त्या गर्दीत काउंटरवरचा माणूस पालकाला आधी विचारतो, ‘‘कितवी?’’ मग विचारतो, ‘‘माध्यम कोणतं?’’ आणि त्यानंतर, ‘‘बोर्ड कोणतं?’’ तीन उत्तरांत संच समोर येतो. दुकानाच्या आतली रचना कदाचित प्रकाशकांप्रमाणे असेल, कदाचित माल येण्याच्या तारखेप्रमाणे असेल, पण तो प्रकाशकाचे नाव विचारत नाही. पालकाला जे आधीपासून ठाऊक आहे तेच तो विचारतो, आणि ते पालकाला ठाऊक असण्याच्या क्रमाने विचारतो. ‘कितवी’ हा त्याचा मुख्य दुवा आहे आणि ‘माध्यम’ हा दुय्यम. आपल्या अनेक संस्थांच्या संकेतस्थळांवर याच्या बरोबर उलटे घडते. तेथील मुख्य दुवे संस्थेच्या अंतर्गत रचनेचा तक्ता पाहून ठरवलेले असतात, त्यामुळे प्रत्येक शाखाप्रमुखाचा एक दुवा होतो, आणि बाहेरून आलेल्या माणसाचे काम कोणत्याच दुव्याच्या नावात दिसत नाही.

‘डाउनलोड’ या दुव्याबद्दल मला विशेष खेद वाटतो, कारण तो जवळजवळ सर्वत्र आढळतो. त्यात अर्ज असतात, नियम असतात, जुनी परिपत्रके असतात आणि कोठे कोठे कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिकाही असते. या साऱ्यांत समान एवढेच, की त्या फाइली उतरवून घेता येतात. तांबड्या बांधणीची सगळी पुस्तके एका कपाटात ठेवण्यासारखे हे वर्गीकरण आहे. नावात बदल करण्याचा अर्ज ‘नावात बदल’ या पानावरच असला पाहिजे. तो पीडीएफ आहे की पडद्यावर भरायचा आहे, हा नंतरचा प्रश्न. ‘इतर’ आणि ‘महत्त्वाचे दुवे’ या नावांचेही तसेच आहे. एखाद्या गोष्टीचा वर्ग ठरवण्याचे कष्ट टाळले, की ती या दोन पेट्यांत जाते.

मुख्य दुवे किती असावेत याबद्दल ‘सात, फार तर नऊ’ असा एक नियम सांगितला जातो आणि त्याला जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञांच्या १९५६ च्या लेखाचा आधार दिला जातो. तो आधार येथे लागू पडत नाही. मिलर यांचा मुद्दा माणूस क्षणभर किती गोष्टी स्मरणात धरू शकतो याविषयी होता. पट्टीवरचे दुवे तर डोळ्यांसमोरच असतात, ते पाठ ठेवायचे नसतात. खरी कसोटी अशी आहे, की प्रत्येक नाव दुसऱ्यापासून स्पष्टपणे वेगळे वाटते का, आणि ते वाचून आत काय मिळेल याचा अंदाज बरोबर येतो का. ‘सूचना’, ‘परिपत्रके’, ‘घोषणा’ आणि ‘ताज्या घडामोडी’ हे चार दुवे शेजारी असतील, तर चारच असूनही ते जास्त आहेत.

मराठी नावांचाही प्रश्न येथे येतो. मूळ रचना इंग्रजीत करून नंतर यंत्राकडून भाषांतर करून घेतले, की ‘होम’चे ‘घर’ होते, आणि मग आमच्या बाईंसारख्या शिक्षिकेला ‘घर’ या दुव्यावर घरगुती ग्राहकांची माहिती असेल असे वाटते. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. ‘मुख्यपृष्ठ’ हा शब्द आता रुळला आहे, तो वापरावा. ‘लॉगिन’, ‘पासवर्ड’ हे शब्द लोकांच्या तोंडी आहेत, ते तसेच ठेवावेत. त्यांच्या जागी अवघड संस्कृत शब्द घडवून कोणाचे भले होत नाही. याहून त्रासदायक गोष्ट अशी, की अनेक ठिकाणी ‘मराठी’ या दुव्यावर बोट ठेवताच आपण वाचत असलेले पान सुटते आणि पुन्हा मुख्यपृष्ठावर येऊन सारी वाट नव्याने चालावी लागते. भाषा बदलण्याचा दुवा सोयीचा दुवा आहे. त्याने फक्त भाषा बदलावी, जागा बदलू नये. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. साठ वर्षांनंतर मराठी वाचकाला मराठी निवडण्यासाठी असा हेलपाटा पडू नये, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

मोबाइलवर हा प्रश्न आणखी तीव्र होतो. लहान पडद्यावर वरची पट्टी मावत नाही, म्हणून सगळे मुख्य दुवे तीन आडव्या रेघांच्या चिन्हामागे जातात. हे चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्स कंपनीच्या १९८१ मधील ‘स्टार’ संगणकासाठी काढले होते. तरुणांना ते सवयीचे झाले असले, तरी त्या तीन रेघांना हात लावायचा असतो हे माझ्या वयाच्या कित्येकांना कोणी सांगितलेले नसते. त्या चिन्हाशेजारी ‘मेनू’ एवढा शब्द लिहिला तरी पुरे. दुसरी अडचण अशी, की संगणकावर माउसचा बाण नुसता वर नेला तरी उपदुव्यांची यादी उघडते, पण बोटाला असे तरंगता येत नाही. अशा वेळी मुख्य दुव्यावर बोट टेकवले, की यादी उघडण्याऐवजी भलतेच पान उघडते आणि पोटातील दुवे आहेत हेच वापरणाऱ्याला कळत नाही.

ज्यांना पडदा दिसतच नाही, त्यांच्यासाठी मुख्य-दुय्यम हा भेद तर सर्वस्व असतो. आमच्या ग्रंथालयात दृष्टिहीन विद्यार्थी एनव्हीडीए हे मोफत मिळणारे वाचक सॉफ्टवेअर वापरत. मायकल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली. एकदा मी एका विद्यार्थ्याशेजारी बसून त्याचा हेडफोन कानाला लावला. पान उघडल्यावर यंत्राचा आवाज एकामागून एक दुवा वाचू लागला: अध्यक्षांचा संदेश, संस्थेची रचना, निविदा. त्याने दुसरे पान उघडले, तर पुन्हा तीच माळ पहिल्यापासून. डोळस माणूस वरची पट्टी एका नजरेत ओलांडतो, त्याला मात्र ती प्रत्येक पानावर ऐकावी लागते. यावर उपाय अगदी साधा आणि जुना आहे. पानाच्या सर्वांत आधी ‘मुख्य मजकुराकडे जा’ असा एक दुवा ठेवायचा, जो दाबला की सारी पट्टी ओलांडली जाते. आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांमध्ये २.४.१ क्रमांकाने ही अपेक्षा नोंदवलेली आहे, आणि प्रत्येक पानावर दुव्यांचा क्रम तोच राहावा ही अपेक्षा ३.२.३ क्रमांकाने.

त्याच विद्यार्थ्याने मला दुव्यांची यादी एकत्र काढून दाखवली. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि एफ-७ या कळा दाबल्या, की पानावरील सगळे दुवे मजकुरापासून सुटे होऊन एका यादीत येतात. त्या यादीत नऊ वेळा ‘येथे क्लिक करा’ असे होते. कशासाठी क्लिक करायचे, हे एकाही दुव्यावरून कळत नव्हते. पानाच्या सांकेतिक भाषेतही या भेदाची सोय २०१४ च्या एचटीएमएल-५ या प्रमाणापासून अधिकृतपणे उपलब्ध आहे: दुव्यांचा समूह ‘नॅव्ह’ या खुणेत ठेवायचा आणि एकाहून अधिक समूह असतील, तर एकाला ‘मुख्य’ आणि दुसऱ्याला ‘या विभागातील’ असे नाव द्यायचे. मग ऐकणाऱ्याला हवा तो समूह थेट गाठता येतो. हे काम करायला वेगळे अनुदान लागत नाही, तेवढे लक्ष लागते.

शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात म्हटले आहे. नियमांची उणीव नाही, हे एवढ्यावरून दिसते. माझ्या मते उणीव आहे ती मांडणी ठरवताना वापरणाऱ्याला शेजारी बसवण्याची.

ते कसे बसवावे, याची एक पद्धत आम्हा ग्रंथपालांच्या फार जवळची आहे, कारण ती कार्डांवरच चालते. लोक ज्या कामांसाठी येतात अशी तीस-चाळीस कामे एकेका कार्डावर लिहायची, ती कार्डे कार्यालयात आलेल्या आठ-दहा नागरिकांपुढे ठेवायची आणि ‘जी एकत्र वाटतात त्यांचे गठ्ठे करा, प्रत्येक गठ्ठ्याला तुम्हीच नाव द्या’ एवढेच सांगायचे. बहुतेकांच्या हातून जे गठ्ठे पुन्हा पुन्हा होतात ते मुख्य दुवे, आणि गठ्ठ्यातली कार्डे हे दुय्यम दुवे. नावेही त्यांच्याच तोंडची मिळतात. या पुणे शहरात संगणकशास्त्र आणि ग्रंथालयशास्त्र शिकणारे इतके विद्यार्थी आहेत, की एखाद्या संस्थेने इच्छा दाखवली तर एका आठवड्यात हे काम होईल. वाचकाचा वेळ वाचवा, हे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र आहे. आम्ही ते ‘पुस्तक’ या शब्दाभोवती शिकलो. दुव्यांच्या पट्टीला ते तितकेच लागू आहे.

संस्था सुधारेपर्यंत वाचकांनी काय करावे, हेही थोडक्यात सांगतो. पान उघडल्यावर लगेच कोठेही बोट ठेवू नये. आधी प्रत्येक पानावर न बदलणारी पट्टी कोणती ते ओळखावे, कारण मुख्य दुवे तेथे असतात. सरकत्या पट्टीकडे सुरुवातीला दुर्लक्ष करावे. मुख्य दुवा उघडला, की डावीकडे किंवा पट्टीखाली नव्याने काय आले तेवढेच पाहावे, ते त्या भागाचे दुय्यम दुवे असतात. शीर्षकाच्या वर ‘मुख्यपृष्ठ, ग्राहक सेवा, नावात बदल’ अशी बारीक अक्षरांतील ओळ असेल, तर ती आपण आलेली वाट असते आणि तिच्यातील कोणत्याही शब्दावरून एक पायरी मागे जाता येते. काहीच सापडले नाही, तर पानाच्या अगदी तळाशी जाऊन ‘संकेतस्थळाचा नकाशा’ पाहावा. तेथे सगळे भाग एकाखाली एक मांडलेले असतात.

बाईंचा अर्ज मंजूर झाला. त्या शिस्तीच्या असल्याने त्यांनी त्या दिवशीच ‘विभाग, वाणिज्य शाखा, परिपत्रके, दुसरे पान’ असा मार्ग आपल्या वहीत लिहून ठेवला होता आणि सोसायटीतील आणखी तिघांनी तो उतरवून नेला. गेल्या महिन्यात त्या संकेतस्थळाची मांडणी बदलली. वहीतला मार्ग निरुपयोगी झाला, आणि अर्जाच्या पानाचा जो पत्ता मी जपून ठेवला होता, तोही उघडेना. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच आग्रहाने लिहिले होते, की पानांचे पत्ते बदलू नयेत. मांडणी बदलण्याचा संस्थांना पूर्ण अधिकार आहे आणि कित्येक ठिकाणी ती बदललीच पाहिजे. परंतु जुना पत्ता टाकणाऱ्याला नव्या पानावर आपोआप नेण्याची व्यवस्था त्याच दिवशी करावी आणि मुख्य दुव्यांत काय बदलले याची चार ओळींची सूचना मुख्यपृष्ठावर निदान सहा महिने ठेवावी, अशी पुण्यातील सर्व सार्वजनिक सेवा-संस्थांना आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे.

कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
सदाशिव पेठ, पुणे